चार बदाम

मी पानं मांडली. डमीचं काम संपलं.
येमूलबाई मात्र पहिलं पानच मागेनात.
रेल्वे लाइन्समधली दुपार, पंखा बंद,
पानं उडतात म्हणून.

बाहेर पाच हुकूम.
तीन-दोन असतील, आपण म्हणतो.
बाई चार-एक धरून चालतात,
घरात चार दिवसांचं पाणी भरलेलं असतं त्यांच्या.

हत्तुरे मास्तरांनी तिसऱ्यांदा इस्पिक टाकलं.
कापा ना, मी मनात ओरडलो.
बाईंनी किल्वरची दुर्री सोडली,
कधीतरी मरणारच होती ती.
चौथ्या इस्पिकाला माझे बारके बदाम होतेच की,
हे मला नंतर दिसलं.

हुकूम निघाले. चार आणि एक.
दहा हात.
चष्मा पदराला पुसत बाई म्हणाल्या,
"पिसा लवकर. सहाला नळ येतो."