कंबरेचं माप

तायपिंगच्या बाजाराबाहेर अरुळप्पनचं शिलाईचं दुकान.
त्या आठवड्यात गिऱ्हाईक कुजबुजतच माप द्यायचं.
चिनी शाळेपुढे कुणी काय घोषणा दिल्या,
मशिदीमागे कुणी कुणाला हाकलायची भाषा केली,
सुई ओवता ओवता तो सगळं ऐकायचा
आणि म्हणायचा, हात जरा वर करा.

मंगळवारी रात्री चाऊ मास्तरांना नेलं.
त्याच रात्री पलीकडच्या गल्लीतून उस्ताद झुबिरना.
रस्त्यात एकमेकांना ओळख न देणारी माणसं;
जीप एकच होती म्हणे.

सकाळी दुकानात दोन पोलीस.
कोण येतं, कोण बसतं, किती वेळ?
अरुळप्पननं मापांची वही काढून दिली.
कुणी मागितली नव्हती.
हे तो बायकोलाही बोलला नाही.

चार महिन्यांनी मास्तरांची बायको आली, स्यू खिम,
कामुंटिंगच्या छावणीतली पंधरा मिनिटं संपवून.
पिशवीत करडी पँट.
"आत घ्यायचीय."
किती?
काचेपलीकडच्या माणसाचं माप ती कसं घेणार?
"जुनं असेल ना तुमच्या वहीत?
त्यातून वजा करा."

अरुळप्पन बॉलपेन शोधू लागला.
बॉलपेन कानावरच होतं.

मग तिनंच दोन्ही हात पुढे केले,
हवेत एक कडं धरलं,
आवळलं. थांबली.
पुन्हा थोडं आवळलं.

त्यानं टेप तिच्या बोटांच्या आतून फिरवली,
आकडा वाचला, मोठ्यानं नाही,
आणि तळहातावर लिहिला.