लाभ, दोन, तीन

आमच्या शेडमधी संत्रं मोजतानी
एक म्हणत नाईत.
लाभ म्हणतात.
लाभ, दोन, तीन, चार...
मन भलतीकडं असलं
तरी हात चुकत नाईत.

सुकेशनी माह्या डाव्या बाजूले बसे.
आंबिया बहाराचे दिवस,
वरूडच्या रस्त्यावर ट्रकाची लाइन.
तिनं एक फळ उचललं
अन् ते उचललेलंच राह्यलं.
डोळे टिनाच्या पलीकडं कुठं तरी.
काय झालं वं पोरी, म्हणेपर्यंत
क्रेटावर आदळली.

लपवत नाई,
पह्यली चप्पल माहीच होती.
डाव्या पायातली, शेणानं भरलेली,
म्या तिच्या नाकाले लावली.
कमळीनं कांदा फोडला.
कोणं दातात चमचा कोंबला,
तिचा समोरचा दात तुटला तो त्यानंच.
लिंबू आणा, लिंबू आणा,
अन् एवढ्या संत्र्याच्या ढिगात
आम्ही लिंबू शोधत होतो.

ती शुद्धीवर आली तवा
तिची सलवार ओली होती
अन् आम्ही साऱ्याजणी
तिथंच उभ्या राहून पाहत होतो.

आठ दिवस आलीच नाई.
घरी गेली म्या. मायनं आधी दार लावलं,
मंग ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून
गोळ्याचं पाकीट काढलं.
'मुलीकडचे आपण, बेबीबाई,
कोणाले सांगसान नोका.'
पाहुणे पाहाले आले होते. दोन दिवस राह्यले.
दोन दिवस कोठीत हात घालता आला नाई.
तिसऱ्या दिवशी
पोरगी माह्या बाजूले पडली.

मंग सरकारी दवाखान्यात सोबत म्याच गेली.
सिस्टरबाई बोलल्या कमी, करून दाखवलं जास्त.
मलेच खाली निजवलं फरशीवर,
कुशीवर वळवलं,
डोक्याखाली माहीच पिशवी ठेवली.
हात-पाय धरासाचे नाई.
तोंडात काई घालासाचं नाई, पाणीबी नाई.
अन् वेळ मोजासाची.
पाच मिनिटाच्या वर गेलं
तं एकशे आठले फोन.

'घड्याळ नाई माह्याजवळ,' म्या म्हटलं,
'पण मोजता येते.'

मृग बहारात पुन्हा पडली.
यावेळी कमळीनं क्रेट सरकवले,
रंजनानं बारदान्याचा पडदा धरला,
म्या तिले कुशीवर घेतलं
अन् मोजत बसली.
लाभ, दोन, तीन, चार...
ड्रायव्हर डोकावला, 'अंगात आलं का?'
'फिट आली. सरक.'
चाळीस. एक्केचाळीस.
तोंडाले फेस, माह्या मांडीवर ओलं.
तीनशेपर्यंत जासाची तयारी होती माही.
ब्याऐंशीले तिची मूठ सैल झाली.

मालक म्हणे, उद्या काई झालं तं माह्यावर येईन,
तिले घरी ठेवा.
कमळी पाटीतून मान वर न करता बोलली,
'तुम्हाले शुगर हाय मालक.
तुम्हाले कोणं घरी ठेवलं का?'
मालक हो म्हणाला नाई. नाईबी म्हणाला नाई.
फक्त पेट्या ठोकासाच्या जागेवरून
तिले इकडं आणून बसवलं.
ती दिवसभर रागात होती.
'मले खिळे ठोकता येतात,' म्हणे,
अन् त्याच दिवशी सगळ्यात जास्त पाट्या केल्या.

आता पाकीट पाटीच्या काठावर असते, उघडं.
सकाळी चहासोबत एक.
विसरली तं रंजना पाकीट वाजवते.
लग्नाचं अजून कुठं जमलं नाई.
दातबी तसाच.

परवा विचारलं तिले,
तवा काय दिसते वं तुले?
'काईच नाई मावशी. मधातलं सारं कोरं.
फक्त येतानी
दुरून तुमचा आवाज येते,
सत्तर, एकाहत्तर.
मंग समजते, खाली कोणी हाय.'

जरा वेळ दोघी मोजत राह्यलो.
मंग हात न थांबवता तिनं विचारलं,
'सुरुवात मले कधी आयकू येत नाई.
माणसाले मोजतानी
एकापासून मोजता का?'

'नाई वं,' म्या म्हटलं,
'लाभापासून.'