हजर किल्ल्या

मेथीच्या दोन पेंड्या, लिंबं, ओली हळद.
शनिवार खुटावर पिशवी पालथी केली,
माती तेवढी निघाली.
किल्ली मंडईतच कुठंतरी, कोबीच्या पानांखाली,
एव्हाना गाईच्या पोटात गेली असली तरी नवल नाही.

ईराण्णा कम्मार लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला.
ह्याच फळीवर त्याच्या बापाला मी बघितलंय,
कानशीनं दात पाडायचा, फुंकर मारायचा,
डोळ्याजवळ धरून म्हणायचा, झालं बघ.
फळीच्या फटीत अजून पितळेचा कीस आहे.

"गाडी कुणाच्या नावावर, अक्का?"
आप्पांच्या.
"त्यांना पाठवा की."
कसं पाठवू.
मग आरसीच्या घडीतनं तो कागद काढला, कन्नडातला.
मी अक्षरं जोडत बसते, तो सरळ वाचत गेला:
लुमाण्णा बिन भरमाण्णा, वय एकाहत्तर.
वरचा मोठा शब्द तेवढा मी वाचला. मरण.
तो दोन्हीकडं सारखाच.

"तुमच्यात किल्ली. आमच्यात कीलिकै.
कै म्हणजे हात." स्वतःचा दाखवला, काळा, चिरा पडलेला.
"पत्रा कापायला पाच मिनिटं. त्यानं दार उघडतंय,
स्टिअरिंग सुटतंय, रेडिओसुद्धा लागतोय.
गाडी काय चालू होणार नाही."

नखावर घेऊन त्यानं दाखवली
बासमतीच्या कणीएवढी काचेची कुपी.
हिच्यात सेल नाही. जीव उसना.
किल्ली खोचली की कुलपाभोवतीची तारेची कडी
हिला जरासा दम देते, आणि विचारते.
दरवेळी नवीन विचारते.
उत्तर ठरलेलं नसतं, उत्तर काढायची रीत ठरलेली,
ती ह्या दोघींनाच ठाऊक.
"चोरून ऐकलं तरी उपेग नाही, अक्का.
कालचं उत्तर आज चालत नाही."

"आणि दुसरी? कंपनी दोन देती की."
दुसरी दादाकडं. निपाणीला.
"मागवा मग."
मी हळदीचं साल नखानं काढत राहिले.

भांडण गाडीवरनं नव्हतंच,
शहापुरातल्या दोन खोल्यांवरनं, आप्पांच्या तेराव्याला.
गाडी मी आणली. किल्ली त्यानं परत दिली नाही.
तीन वर्षं मी तेवढंच धरून बसले,
किल्ली दिली नाही, किल्ली दिली नाही.
ह्या तीन वर्षांत कुठल्याही रात्री येऊन
तो गाडी घेऊन जाऊ शकला असता,
हे इथं, फळीसमोर उभी असताना कळलं.
आला नाही.

गाडी समोरच, औषधाच्या दुकानाला लागून.
ईराण्णानं स्टिअरिंगखाली केबल जोडली.
"ह्या मशीनची एक खोड हाय.
नवीन किल्ली शिकवताना जुन्या सगळ्या पुसती.
त्या वेळी समोर ज्या हजर, तेवढ्याच परत लिहून घेती.
बाकीच्यांनी दार उघडावं, आत बसावं.
तेवढंच."

पडद्यावर उलटं घड्याळ. दहा मिनिटं.
चोराला घाई असते, म्हणून गाडी मुद्दाम ताटकळत ठेवते,
धनी असला तर थांबेल की, तो म्हणाला,
आणि चहा सांगायला गेला.
डॅशबोर्डवर लाल दिवा, इवलीशी गाडी, तिच्या पोटात किल्ली,
लुकलुक.

नऊ.
आठ.
सातला मी नंबर लावला.
वहिनीनं उचलला. मागं कुकरची शिट्टी.
"दादा आहे? आप्पांच्या गाडीची ती..."
फोनवर हात झाकलेला, दोघांचं काहीतरी हळू आवाजात,
मग तो, तीन वर्षांनी,
बोलायच्या आधी आप्पांसारखा खाकरून:
"कुठली किल्ली?"

खिळ्यावरनं काहीतरी काढल्याचा आवाज मात्र
त्याच्या आधीच आला होता.