मक्याची शेंडी

वेरोनिका, पुडकं पोचलं का?
रविवारच्या मिनीबसने पाठवलंय, ग्रिगोरे ड्रायव्हरकडे.
वर अक्रोड आहेत. खाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात,
तू मागितलेली मक्याची शेंडी.
कणीस निबर व्हायच्या आत काढलेली,
सावलीत वाळवलेली, काळे धागे वेचून टाकलेली.
हुंगून बघ, अजून कोवळ्या चाऱ्याचा वास येतो.

मला वाटलं, तुलाच त्रास.
परक्या गावात गार फरशीवर दिवसभर उभं राहून
जळजळ होते, आणि बायका सांगत नाहीत.
मग फोनवर तू आवाज उतरवून म्हणालीस,
सिन्योरसाठी.
ब्याऐंशी वर्षांचा. बँकेत मोठा साहेब होता म्हणे.
रात्री तीनला तू चादर ओढून काढतेस
तेव्हा भिंतीकडे तोंड करून
झोपल्याचं सोंग घेतो.

आपल्याकडे तेव्हा चार वाजलेले असतात.
आंगेल सोंग घेत नाही.
उठतो, चादरीची घडी घालतो, ओली बाजू आत,
आणि चुलीमागे खुपसून ठेवतो,
जसं काही मला नाकच नाही.
सहा वर्षांचा होता तेव्हा कोरडा असायचा गं.
तू गेलीस त्या मे महिन्यापासून हे.

त्यालाही हीच शेंडी देते, दिवस मावळायच्या आत,
मध घालून. पारास्कीवा म्हणते, शेपूचं बी उकळ.
तेही केलं.
दवाखान्यातली नर्स म्हणाली, औषध कसलं, याला तर…
आणि माझ्याकडे बघून कागद भरत बसली.

एक विचारू? रागावू नकोस.
म्हातारा बरा झाला तर
रात्रीचे पैसे कापतील का?
तसं असेल तर अर्धीच उकळ.

पुडकं बांधताना आंगेल शेजारी होता.
कुणाला, म्हणाला.
म्हटलं, आईकडे एक जण आहे, तुझ्यासारखाच.
त्याने दोरीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
मग म्हणाला, त्याला आई उठवते?
मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू.
किती वाजता?
तुझ्या चारला.

तेव्हापासून स्वतःच गजर लावतो, चारचा.
अंधारात त्याची पावलं वाजतात, दार वाजतं.
कधी वेळेत,
कधी नाही.