बिर्रू मामाचा शेवट

कन्ना चौकाच्या मागं, विडीपानांच्या गोदामाला लागून
मैनोद्दीनचं व्हिडिओ पार्लर होतं.
पत्र्याची शेड, दोन बाकडी, बाकी गोणपाट,
आणि देव्हाऱ्यासारखा उंचावर ठेवलेला टीव्ही.
तिकीट दीड रुपया. पोरांना बारा आणे,
पण गोणपाटावर, आणि मध्येच मुतायला उठायचं नाही.

कॅसेट मुंबईहून यायची.
मुंबईला कुठून यायची कुणास ठाऊक.
कॉपीची कॉपी, तिची कॉपी:
माणसांच्या कडा विरघळलेल्या,
लाल रंग सदऱ्यातून बाहेर सांडलेला,
आणि भाषा चिनी.
जपानी असली तरी आम्हाला ती चिनीच.

म्हणून बिर्रू मामा होता.
लक्ष्मीनारायण बिर्रू, दिवसा जेकार्ड मागावर,
रात्री टीव्हीच्या डाव्या अंगाला उभा,
कानावर न पेटवलेली विडी.
तो सांगायचा.
"ह्याच्या बापाला त्यानं मारलंय बघ बे,
आता हा त्याला हुडकलालाय."
म्हातारा गुरू नुसते ओठ हलवायचा,
मामा म्हणायचा, "हात उचलायच्या आधी पाय रोव, पोरा.
ताणाच ढिला, तर बाना काय करंल?"
ते आम्ही शाळेतल्या कवितेपेक्षा चांगलं पाठ केलं.
मारामारी सुरू झाली की मामा गप्प.
ठोशांचा आवाज धोट्यासारखाच,
खटक खटक खटक,
त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता.

एका सिनेमात लंगडा हिरो
साठ जणांना एकटा लोळवून
शेवटी पुलाच्या कठड्याला टेकून बसायचा. मान खाली.
कॅसेट तिथंच खरखरायची.
"मेला काय मामा?"
"येडा हैस काय बे. झोपलाय.
उद्या पहिली पाळी हाय त्याची."
सगळे हसत उठायचे,
कारण खरंच पहिली पाळी असायची.

काल रात्री तो सिनेमा फोनवर सापडला.
धुऊन, इस्त्री करून ठेवल्यासारखा.
इतका लख्ख, की गुरूच्या दाढीचा डिंक दिसतो.
खाली इंग्रजी अक्षरं,
मी थांबवत थांबवत वाचली.
बापाचा खून वगैरे काही नाहीच.
मिठाच्या गाड्या आहेत, हमाली थकली आहे.
गुरू म्हणतो, मला ऐकू कमी येतं, जवळ ये.
आणि ज्याला आम्ही कुत्र्यासारख्या शिव्या घातल्या
तो हिरोचा थोरला भाऊ.

मामाला माहीत नसणार.
पण दोघंही घाम पुसतात
मनगटाच्या उलट्या बाजूनं, अगदी एकसारखा.
मामानं हे चाळीस वेळा पाहिलं होतं.
दिसलं नसेल?
की दिसलं, आणि म्हणाला असेल मनात,
घरातली भांडणं ही पोरं घरी बघतातच.

त्याच्या कारखान्याचे माग किलोवर विकले गेले.
मामा भिवंडीला, मग सुरतेला, मग
पुढचं कुणी सांगत नाही.
मैनोद्दीनच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात.
मी अशोक चौकातल्या एटीएमला राखण बसतो,
रात्री दहा ते सहा,
पैसे काढायला येतात तीन-चार जण.

पूल आला. हिरो बसला. मान खाली.
कॅसेट खरखरायची तिथून पुढं
अजून अर्धा मिनिट सिनेमा आहे:
एक बाई येते, आधी कुठंच न दिसलेली,
त्याच्या पायातले जोडे काढते
आणि काखेत मारून निघून जाते.

चहाची किटली सायकलला अडकवून
श्रीशैल काचेला नाक लावून बघत होता.
"मेला काय ओ काका?"
खाली अक्षरं उमटली होती.
मी ती अंगठ्यानं झाकली.
"येडा हैस काय बे. झोपलाय."
"मग जोडे का नेले तिनं?"

एवढं काही मामानं सांगून ठेवलं नव्हतं.
मी म्हटलं, कट दे अर्धा, साखर कमी.