तळटीप

हैफाच्या टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर
झेलिग ब्राखफेल्ड चाळीस वर्षं
एका राष्ट्राचा जन्म तपासत होते,
मी त्यांची पानं टाइप करत होते.

घोषणांवर त्यांचा जीव नव्हता.
विचारायचे : त्या रात्री चहाचे पैसे कोणी दिले?
चेर्नोवित्सच्या मंडळाचं इतिवृत्त त्यांना पाठ –
ते कुठल्या भाषेत लिहावं
यावर तीन बैठका,
हिब्रू की यिद्दिश,
शेवटी लिहिलं जर्मनमध्ये.
इथे ते दर वेळी हसायचे, खोकला लागेपर्यंत.

एकदा सभासदांच्या यादीत
खोडलेलं नाव निघालं :
मेंडेल ब्राखफेल्ड, शिंपी,
दोन क्राउन थकले, सबब कमी.
चष्मा पुसला. परत पुसला.
म्हणाले, तळटीप टाक,
'एक सभासद वगळला.'
नाव घालू?
"कागद एवढंच सांगतो
की तो शिंपी होता, आणि गरीब.
माझा बाप होता
असं कुठे लिहिलंय?"

ते गेल्यावर पेटी परत करायची होती.
तळाशी टिपकागदात गुंडाळलेली
बुडालेल्या साम्राज्याची नाणी.
मोजली.
दोन क्राउन.
पोचपावतीवर त्यांचा रकानाच नव्हता.