व्याही, भाग दुसरा

संकेश्वरला, हायवेच्या कडेला, फॅमिली रूममध्ये
दोन टेबलं जोडून बैठक.
गोकाकहून आम्हाला दहा-बारा किलोमीटर जास्त पडतं,
मामंजींचा हा पहिला मुद्दा,
बूट काढायच्या आधीच.

पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे:
आठ वर्षांपूर्वी पाटावर मी,
हळदीच्या रात्रीचा तांबडा रस्सा
वाऱ्यावरून लिंगायतांच्या मांडवात शिरलेला,
हलगी आणि बँड एकमेकांच्या तोंडावर वाजत,
आणि मामंजींचा पटका आमटीच्या काईलीत.
पडला की पाडला,
यावर अजून दोन घरांत दोन मतं आहेत.

आता धाकटी वैजू आणि धाकटा ईरण्णा.
त्यांनीही तेच केलं जे आम्ही केलं होतं,
फक्त मोबाइलवर, म्हणून लवकर उरकलं.

मी मधल्या खुर्चीत.
मला दोन्ही भाषा येतात,
आणि त्या दोघांना एकमेकांची येत नाही,
असं आठ वर्षं ठरलेलं आहे.

बाबा म्हणाले, "सांग त्यास्नी,
मागल्या खेपेला पन्नास म्हणून दीडशे आणलासा.
आता दारातच मोजून घेणार."
मी कन्नडात सांगितलं:
स्वागताला बाबा स्वतः दारात उभे राहणार आहेत.

मामंजी कन्नडात म्हणाले,
यांच्या जिलबीनं माझी दाढ गेली.
मी म्हटलं, "तुमची जिलबी ते विसरलेले नाहीत.
गोडाचं या वेळी आमच्याकडं, करदंट आणतो म्हणतात."

अत्तीनं आईला विचारलं, "ऊटा आत?"
जेवण झालं का.
एवढं एकच वाक्य मी आहे तसं पोचवलं.
आई नाही म्हणाली, मग दोघींनी मिळून
ताटातली भजी संपवली.

मग पत्रिका निघाली.
वर मराठी की वर कन्नड?
तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला.
वेटर पाण्याचा जग घेऊन आला
आणि तसाच उभा राहिला.

बाबा माझ्याकडं न बघता पुटपुटले,
"गणपतीनं स्वतः पत्रिका लिहून दिली
तरी हा माणूस म्हणंल,
सोंड कन्नडच्या बाजूला का न्हाई."

मी वाक्य जुळवत होते. काय घालू, काय गाळू.
तोंड उघडायच्या आधीच
मामंजी हसले.
पोटातून. बशीतला चहा धोतरावर.

बाबांनी चष्मा काढला.
"तुम्हाला कळतंय?"
हे त्यांनी कन्नडात विचारलं,
तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं घासलेल्या,
गोकाकी हेल काढलेल्या कन्नडात.
मामंजी धोतर झटकत मराठीत म्हणाले,
"चौथीपत्तर मराठी शाळेतच होतो की ओ."

मग आठ वर्षं मी काय करत होते?
हे मी मोठ्यानं विचारलं,
कुठल्या भाषेत, ते आठवत नाही.
बाबा टेबलावर सांडलेली साखर
बोटानं गोळा करत राहिले.
"तू सांगतीस त्ये बरं वाटतं ऐकाय."
"हौदु," मामंजी म्हणाले.

कन्नडात व्याह्याला बीग म्हणतात,
आणि कुलपालाही बीगच.
लग्न होऊन आले तेव्हा
पहिल्या आठवड्यात अत्ती म्हणाली, बीग आण,
आणि मी घाबरून बाबांना फोन लावला होता.

पत्रिकेचं वेटरनंच सोडवलं.
जग खाली ठेवून म्हणाला,
दोन्हीकडनं पहिलं पान करा,
मागचं पान ठेवूच नका.
मुहूर्त कुठं छापायचा? मधी.
मधी, मी बसले होते तिथं.

वीज आली. बिल आलं.
दोन हात एकदमच खिशात गेले.
बाबा माझ्याकडं वळले, जसं काही घडलंच नाही,
"सांग त्यास्नी, पैसे मी देणार."
मामंजींनीही भुवया उंचावून मला विचारलं,
"एनंतार?"
काय म्हणतात?

मी सांगितलं:
बाबा म्हणतात, पुढच्या वेळी तुम्ही.